दार नसलेले गाव आणि पोलीस ठाणे

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे घरांना दारे नसलेले गाव म्हणून सर्वदूर प्रसिद्ध आहे. त्या गावातही २०१५ मध्ये पोलीस ठाणे सुरू झाले. श्रद्धा आटली, असा याचा अर्थ नव्हे. गाव गावापुरते होते तेव्हा प्रत्येक चेहरा ओळखीचा होता. दर्शनास लोटणाऱ्या अनोळखी गर्दीचे रक्षण केवळ परस्परविश्वासावर सोपविता येत नाही.

समाज बदलला की व्यवस्थेलाही बदलावे लागते. वंशपरंपरागत पाटीलकी १९६० च्या दशकात कायद्याने संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नियुक्त पोलीस पाटील आला. चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली नगर आणि श्रीरामपूर अशी विभागणी करूनही प्रत्येक वाडीवस्तीवर शिपाई उभा करणे अशक्यच. तेथील वार्ता ठाण्यापर्यंत पोहोचविणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य; पण त्याला ती सांगणार कोण? जागरूक शेजारीच!

ठाणे शासन उभारील. शेजारधर्म मात्र समाजानेच जागवावयाचा आहे. काळानुरूप दारांना कड्या लागल्या तरी चालेल, मनांना लागू नयेत.