चढणीचे मासे आणि बंदीचे दिवस



वसंतातल्या व्याख्यानाला नदी आणि मासे हा विषय काश्मिरात शोभला असता. तिथे बर्फ वितळून लिद्दर फुगते, आणि पिसांची खोटी माशी गळाला बांधून ट्राउट धरणारे शौकीन पाणी उतरून निवळण्याची वाट पाहतात. आमच्या काजळीच्या, मुचकुंदीच्या वरच्या अंगाला या दिवसांत डबकी उरतात. अपवाद वाशिष्ठीचा. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजघरातून उतरून तिला मिळते. त्यामुळे राज्याला वीज किती लागते, यावर तिचे उन्हाळ्यातले पाणी ठरते. आमचे बर्फ असे सरकारी आहे!

बाकी नद्यांना जाग येते ती मृगात. सह्याद्रीपासून समुद्र सुमारे 50 किलोमीटर, आणि वर्षाचा पाऊस 3000 मिलिमीटरांहून अधिक, तोही बहुतेक चार महिन्यांत. डोंगरात सर कोसळली की काही तासांत पऱ्या भरून वाहतो. डोहात उन्हाळा काढलेला मासा, पोटात अंडी घेऊन, त्या नव्या पाण्याच्या उलट चढू लागतो. मळ्ये, खडस, शिंगटी, डाकू. नदीतून वहाळात, वहाळातून पऱ्यात, तिथून भाताच्या खाचरात. तिथले पाणी उथळ, उबदार, नव्या खाद्याचे, आणि मोठ्या माशांची धाड तिथवर क्वचितच येते. अंडी घालायला याहून चांगली जागा कोणती? पिल्ले पुढे पाण्याबरोबर खाली उतरतात.

नेमका तिथेच आपण उभे असतो. हातात बत्ती, कोयता, पाग. चढणीच्या माशाची चव मलाही ठाऊक आहे, आणि गरिबाच्या घरी पावसाळ्याच्या तोंडाला तेवढेच कालवण असते, हेही. परंतु पूर्वी एक-दोन घरे पाग टाकीत. आज गाड्या भरभरून माणसे येतात, पऱ्याचे तोंडच जाळ्याने बंद करतात. अंड्यांनी भरलेली एक मादी गेली की हजारो अंडी जातात. सुरुंग आणि विष घालून मासे मारणे 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरविले होते. तरी विष घातलेला डोह आपण पाहिलेला नाही, असे या सभेत कोण म्हणेल?

आता मिरकरवाडा बंदरावर चला. 1981 च्या सागरी मासेमारी कायद्याखाली 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कारण तेच: माशाच्या विणीचा काळ, शिवाय खवळलेला दर्या. ही बंदी योग्य आहे, असे मी खलाशांच्या सभेतही सांगतो. पण तिची किंमत कोण देतो? नौका शाकारून ठेवली तरी ती मालकाचीच राहते. खलाशाचा वाटा मात्र थांबतो. नेपाळातून आलेला पोरगा गावी जातो, आणि पुढच्या हंगामाची उचल घेऊन, म्हणजे कर्ज डोक्यावर घेऊनच, परत चढतो. समुद्रातल्या माशाच्या विणीसाठी ज्याने 61 दिवस पोट आवळायचे, त्याने नदीतल्या विणीवर कोयता चालताना पाहायचा, हा न्याय मला पटत नाही.

म्हणून माझे मागणे दुहेरी आहे. बंदीच्या काळाचा निर्वाहभत्ता खलाशाच्या हाती, मालकामार्फत नव्हे. आणि पहिल्या पुरापासून तीन आठवडे पऱ्या-वहाळाच्या तोंडाला जाळे नाही, असा प्रत्येक गावाचा ठराव. गरी टाकून घरापुरते धरणाऱ्याला कोणी अडवू नये. कामगार दिनीच, 1 मे रोजी, ग्रामसभा भरतात. मृग त्यानंतर पाच आठवड्यांवर असतो.