डोकं दुखतं म्हणजे काय दुखतं?

(मुक्ताईनगर येथे बचत गटांच्या कार्यकर्त्या, आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



जळगाव जिल्ह्यात मनाविषयी बोलायला आलेला पाहुणा बहुधा आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कवितेने सुरुवात करतो. मी तो मोह आवरते, कारण ती कविता तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. शिवाय आपण मुक्ताईच्या गावात बसलो आहोत, तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करू.

ताटीचे अभंग कसे झाले ते तुम्ही कीर्तनात ऐकलं आहे. लोकांनी बोल लावले, ते ज्ञानदेवांच्या जिव्हारी लागले आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर धाकटी बहीण. ती दाराशी बसून बोलत राहिली. यातलं अध्यात्म कीर्तनकार सांगतात, ते त्यांनीच सांगावं. मला दिसतं ते इतकंच, की जगाला शहाणपण सांगणाऱ्याचाही जीव एखाद्या दिवशी दार लावून बसतो. आणि ते दार कोणी बाहेरून तोडत नाही, कोणीतरी दाराशी थांबतं.

पण कथेचा पुढचा भाग फारसा कोणी या अंगाने सांगत नाही. ही भावंडं लहान असतानाच आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, पाठोपाठ सासवडला सोपानदेवांनी. आणि पुढच्याच वर्षी, १२९७ साली, इथे तापीकाठी मुक्ता गेली. विजेच्या कडकडाटात ती लुप्त झाली असं परंपरा सांगते. परंपरेच्याच हिशेबाने तिचं वय तेव्हा अठरा. तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण अशी एक मुलगी आज आपल्या गावात असती, आईबाप नाहीत, एका वर्षाच्या आत दोन भाऊ गेलेले, तर तिच्या घरी आपल्यापैकी कोण गेलं असतं? आणि जाऊन काय विचारलं असतं? मला आज याच ‘काय विचारायचं’वर बोलायचं आहे.

आपल्याकडे बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं कधी म्हणत नाही. ती म्हणते, डोकं दुखतं. पाठीतून कळ जाते. छातीत धडधडतं. हातापायाला मुंग्या येतात. ‘मले काहीच गोड लागत नही, बाई.’ मग मेडिकलमधून गोळी येते. मग सलाईन. त्याने दोन दिवस बरं वाटतं, मग दुसऱ्या डॉक्टरचं दुसरं सलाईन. पैसे भिशीतून नाहीतर गटाच्या कर्जातून. कर्जाच्या नोंदीत कारण ‘आजारपण’, आणि ते खोटंही नसतं.

माझ्या माहितीतली एक बाई, कापूस वेचायला जाणारी, तीन वर्षं डोकेदुखीवर उपचार घेत होती. रक्त तपासलं, डोळे तपासले, चष्माही लागला. रात्री झोप लागते का, एवढं मात्र तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं की धाकटा मुलगा हतनूरच्या पाण्यात बुडून गेला होता, आणि सासूला त्रास होतो म्हणून त्याचं नाव काढायला घरात बंदी होती. तीन वर्षं. तिचं डोकं खरंच दुखत होतं, हे लक्षात घ्या. ते सोंग नव्हतं. मनाचं दुखणं अंगातून बोलतं, कारण अंग दुखलं तर निदान गोळी मिळते, मन दुखलं तर ‘कामं सुचत नाहीत हिला’ असं ऐकावं लागतं.

याची दुसरी बाजूही सांगते. रक्त कमी असेल किंवा थायरॉईडचं काम मंदावलं असेल, तरी बाई अशीच गळून जाते, उदास होते, विसरते. म्हणून आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. मनाचं आहे म्हणून अंगाकडे दुर्लक्ष करणं हाही बाईवर अन्यायच.

दुःख कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो, हा प्रश्न मला प्रत्येक शिबिरात येतो. घरातलं माणूस गेलं आणि बाई महिनाभर रडली, तर ती आजारी नाही, तिला रडू द्या. मे-जूनच्या वादळात केळीची उभी बाग आडवी झाली आणि घरधनी चार दिवस जेवला नाही, तर तोही आजारी नाही. (पंचनाम्यात खोडं मोजतात. त्या वर्षी घरातल्या बाईने कोणाकोणाकडून उसने आणले, ते कोणी मोजत नाही.) डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा हिशेब धरतात. सलग दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ मन काळवंडलेलं, कशातच गोडी नाही, झोप आणि भूक बिघडलेली, हातातलं काम होईना, तर दाखवायला हवं. मी हे बायकांच्या भाषेत विचारते. चहा पहिल्यासारखा लागतो का? शेजारीण आली तर बरं वाटतं, की ही कधी जाईल असं होतं? पहाटे तीनला जाग येऊन मग डोळा लागत नाही, असं होतं का? वेणी कधी घातली होती? चार प्रश्नांत पुष्कळ कळतं.

काही गोष्टींना मात्र दोन आठवडे थांबायचं नसतं. मरणाची भाषा निघाली, कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, किंवा ओली बाळंतीण रात्र रात्र जागी आहे, असंबद्ध बोलते, बाळाविषयी भलतंच काही म्हणते, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. बाळंतिणीला बाहेरचं लागलं म्हणून अमावास्या उलटायची वाट पाहू नका. बाळंतपणानंतरचा हा आजार उपचाराने बरा होतो, पण त्यात दिवस घालवणं आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

आणि मरणाविषयी विचारायचं ते सरळ विचारायचं. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने ते डोक्यात शिरतं, असं पुष्कळजणींना वाटतं. तसं होत नाही. उलट विचारलं की बाईचा बांध फुटतो. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटी सोडायची नाही, आणि फवारणीची औषधं त्या घरातून हलवायची किंवा कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. हा किरकोळ उपाय नाही. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि १९९५ नंतर तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तो क्षण टळला की बहुतेक माणसं जगतात.

प्रयत्न झालाच, तर पोलिसांच्या भीतीने घरचे लपवतात, गावठी उपाय करत बसतात, आणि त्यात वेळ जातो. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आहे, तिच्यावर खटला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं ते जुनं सरसकट कलमच उरलेलं नाही. फक्त एक करा. जबाब घेताना तुमच्यापैकी कोणीतरी तिथे असा. उशाशी सासू आणि पायथ्याशी नवरा असताना बाई ‘चुकून प्याले’ असंच सांगणार. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र काढलं ते याचसाठी, मारहाण झालेली बाई आधी पोलिसांत नाही, दवाखान्यात येते म्हणून.

आता आपल्यातल्या जुन्या वादाकडे येते. एक बाजू म्हणते, बाईला गोळी कशाला देता, तिच्या नवऱ्याचा हात धरा. मानसोपचाराच्या नावाखाली बायकांना कसं कोंडलं जातं यावर भार्गवी दावर यांनी सातत्याने लिहिलं, १९९९ साली पुण्यात बापू ट्रस्ट उभा केला, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मार खाणाऱ्या बाईला नुसती झोपेची गोळी देऊन घरी पाठवणं म्हणजे मारणाऱ्याला मदत. पण मार थांबला तरी पाच-पाच वर्षं अंथरुणातून न उठणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत. पाय मोडला तर आपण आधी प्लास्टर घालतो की आधी तक्रार नोंदवतो? दोन्ही करतो. इथेही दोन्ही करायचं.

गोळ्यांविषयी भीती आहे, तर थोडं सांगते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळीची सवय लागते. नैराश्यावरची नेहमीची औषधं वेगळी, त्यांची तशी चटक लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नये, आणि बरं वाटलं म्हणून मनानेही बंद करू नये. शॉकचा धाक घालतात, त्यावर सांगा की भूल न देता शॉक देणं कायद्याने बंद आहे.

खरी भीती वेगळीच आहे. ‘कागदावर आलं तर वेडी ठरवतील आणि सोडून देतील.’ ही भीती वेडगळ नाही. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे आणि दवाखान्याची चिठ्ठी घेऊन कोर्टात जाणारे नवरे आहेत. पण १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आजाराचं नुसतं नाव पुरेसं नाही, एकत्र राहणं शक्यच नाही इतकी त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते. आणि २०१७ च्या कायद्याचं तिसरं कलम म्हणतं, मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी ‘वेडं’ ठरत नाही, ते फक्त न्यायालय ठरवू शकतं. ही दोन वाक्यं वहीत लिहून घ्या. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, हेही लिहा. चिठ्ठी बाईच्या स्वतःच्या पिशवीत राहू द्या.

सैलानीला नेऊ का, असं विचारतात. बुलढाणा इथून जवळ, लोक जातातच. मी कोणाला अडवत नाही. गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यात दुआ आणि दवा एकाच आवारात देण्याचा प्रयोग झाला, तसं करा, अंगारा घ्या आणि गोळीही घ्या. पण बांधणं नाही, मारणं नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा २८ माणसं साखळ्यांमुळे पळू शकली नाहीत. आज साखळी घालणं २०१७ च्या कायद्याने बंद आहे आणि भूत उतरवायला मारहाण करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

कुठे जायचं? १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन नवऱ्याकडे असतो, म्हणून तो गटाच्या बैठकीत आपल्या फोनवरून लावून द्या आणि बाजूला व्हा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात कोणत्या वारी येतं, ते चौकशी करून अंगणवाडीच्या फळ्यावर लिहा. पहिल्या वेळी बाईसोबत जा. एकटी ती बसस्टँडवरून परत येते.

शेवटी तुमच्याविषयी. गावातली प्रत्येक जण रात्री-अपरात्री तुमचं दार वाजवते. आशाताईंना मोबदला कामागणिक, आणि रात्री दोन तास कोणाचं रडणं ऐकलं त्याचा तर रकानाच नाही. मग आपलंच डोकं दुखायला लागतं. घरी मुलांवर ओरडतो, मीटिंगला जाऊ नये असं वाटतं, कोणी फोन केला की पोटात गोळा येतो. म्हणून जिवाच्या गोष्टीची केस एकटीने घेऊ नका, दोघींनी घ्या. ‘कोणाला सांगू नका’ अशी शपथ मरणाच्या बाबतीत पाळायची नसते, हे बाईला आधीच सांगा. आणि महिन्यातून एक बैठक अशी ठेवा की जिथे रजिस्टर उघडायचं नाही.

जेवण तयार आहे असं ताई खुणावताहेत. जेवल्यावर दोघी-दोघींनी बसायचं आहे, शक्यतो दुसऱ्या गावच्या बाईबरोबर. मी सांगितलेले चार प्रश्न एकमेकींना विचारा, आणि उत्तर खरं द्या. पंधरा-पंधरा मिनिटं. ज्यांना माझ्याशी एकटीने बोलायचं आहे त्यांच्यासाठी मी मागच्या खोलीत शेवटच्या एस.टी.पर्यंत थांबणार आहे.