जुन्या मोटारीस विजेचा पंखा

माझ्या दारांत एक जुनी डिझेल अँबॅसॅडर उभी आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यांत ही गाडी तयार होणें २०१४ सालीं बंद झालें. माझी मात्र अजून चालते. तिच्या रेडिएटरला विजेचा पंखा बसवितांना मी जें शिकलों, तेंच आज सांगणार आहें.

या गाडीचा मूळचा पंखा पाण्याच्या पंपावर बसविलेला असून तो पट्ट्यानें फिरतो. इंजिन जोरांत तर पंखा जोरांत, इंजिन मंद तर पंखा मंद. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा बहुधा पुरतो. तेथें हा पंखा व्यर्थ शक्ति खातो. उलट, रहदारींत गाडी खोळंबली असतां, जेव्हां त्याची खरी गरज, तेव्हांच तो मंदावतो. माती न पाहतां घड्याळ पाहून पाणी घालणाऱ्या माळ्यासारखीच ही तऱ्हा नव्हे काय?

विजेचा पंखा उष्णता पाहून चालूं शकतो. पण त्यास तसें चालूं दिलें पाहिजे. मीं प्रथम जुनीं पातीं काढून नवा पंखा बसविला आणि खर्च वांचविण्यासाठीं त्यास हाताचें बटण लावलें. एके दिवशीं साताऱ्याकडे जातांना खंबाटकीच्या घाटांत, गप्पांच्या भरांत, तें बटण दाबावयाचें राहिलें. कांट्याकडे लक्ष गेलें तेव्हां बॉनेटखालून वाफ येत होती. हेड गॅस्केट जळलें, आणि वांचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे गेले. विसराळू मुलांस जन्मभर शिक्षा करीत आलेल्या मास्तरास ही शिक्षा योग्यच होती!

तेव्हां योग्य रीत ऐका. पाणी साधारणतः ९० ते ९५ अंश सेंटिग्रेडवर आलें म्हणजे पंखा आपोआप चालूं करणारा व निवल्यावर बंद करणारा स्विच लावावा. पंख्यास १० अँपिअरहून अधिक प्रवाह लागूं शकतो. तो रिले व फ्यूज यांतून, जाड तारेनें न्यावा. तारांची अदलाबदल झाल्यास पंखा उलटा फिरून समोरच्या वाऱ्याशींच झगडतो. पुढील जाळीशीं धरलेला कागद आंत ओढला जाऊन चिकटला, म्हणजे दिशा बरोबर समजावी. पट्टा मात्र काढूं नये. पाण्याचा पंप व डायनॅमो तोच फिरवितो. जुना डायनॅमो मंद इंजिनावर फार थोडी वीज देतो व बॅटरी उतरते. म्हणून आधीं अल्टरनेटर बसविणें बरें. शिवाय रेडिएटर तुंबला असेल किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल, तर पंखा हें त्यावर औषध नव्हे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. जुन्या धाटणीचें असें इंजिन एकदां सुरू झालें कीं विजेवांचूनही चालत राहतें. विजेचा पंखा बसवितांच त्याचा जीव एका फ्यूजवर टांगला जातो. फ्यूज जळला तरी इंजिन थांबत नाहीं. तें निमूटपणें तापत राहतें. म्हणून उष्णतेचा कांटा बिनचूक असावा, व गाडींत एक जादा फ्यूज असावा. कांटा चढला तर गाडी थांबवावी, आणि पाणी निवेपर्यंत रेडिएटरच्या झांकणास हात लावूं नये.

माझा पंखा आतां आपोआप चालतो. गप्पाही चालतात, नजर मात्र कांट्यावर असते.