शिक्षणाचा पहिला धडा अंगणात

(ज्ञातिमंडळाच्या सुकापूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी विद्वान नव्हे; मॅट्रिक होऊन सारी हयात प्राथमिक शाळेत घालविलेला साधा शिक्षक आहे. जे सांगणार आहे ते पुस्तकातून थोडे आणि चुकांतून अधिक शिकलो.

आज आपल्या घरोघरी एक स्पर्धा चालली आहे. तीन वर्षांच्या बालकास शंभरपर्यंत अंक लिहिता यावेत, पाहुण्यांसमोर इंग्रजी अक्षरे घडाघडा म्हणता यावीत, असा आईबापांचा आग्रह असतो. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु हा मार्ग उलटा आहे, हे मी स्वानुभवाने सांगतो.

नोकरीच्या प्रारंभी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची बोटे पेन्सिलीवर वळत नसत. मी त्याचा हात धरून अक्षर गिरवून घेई आणि छडीही उगारी. काही दिवसांनी तो शाळेत येईनासा झाला. पुढे एकदा तो मला शेताच्या बांधावर दिसला. ओल्या मातीचे बैल तो शिंगांसकट हुबेहूब घडवीत होता. दोष त्याच्या बोटांत नव्हता, माझ्या घाईत होता. ही टोचणी अद्याप गेलेली नाही.

जे मला तेव्हा उमगले नाही, ते आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी सिद्ध झाले होते. डॉ. माँटेसोरी यांनी 1907 साली रोम येथे बालगृह काढून, मूल हातांनी शिकते हे जगास दाखविले. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरास बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बोर्डी या खेड्यात बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. माँटेसोरींची साधने महाग. ती खेड्याला परवडणार कशी? म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती हीच त्यांनी साधने केली. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ ती हीच! 1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. 1975 साली सरकारने देशभर बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे खेळातून शिकण्याची मानली आहेत.

यात गूढ काही नाही. चिंचोके वेचताना चिमटीस बळ येते. तीच चिमटी पुढे पेन्सिल धरते. पाच गोटे पाच वेळा हाताळल्यावाचून ‘पाच’ हा शब्द पोकळ राहतो. करवंट्यांच्या तराजूत जड-हलके कळते, भातुकलीत भाषा फुलते. मात्र बारीक वस्तू मुले नाकातोंडात घालतात. म्हणून वडीलधाऱ्यांची नजर हवी.

आपल्या सुकापुरात भाताची खाचरे जाऊन इमारती उभ्या राहिल्या. अंगण गेले, माती गेली. मुलाच्या हाती उरला तो मोबाईल. गेलेले अंगण आपणच पुन्हा उभे केले पाहिजे.

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे. परीक्षेत यशस्वी झालेल्यांस आपण पारितोषिके देतो, ते योग्यच आहे. त्याच निधीतील अल्प वाटा गावच्या अंगणवाडीच्या खेळसाहित्यासाठी द्यावा. सभागृहात दर रविवारी एक खेळवर्ग भरवावा. आपल्या आज्या-मावश्यांना सागरगोटे, रांगोळी, गाणी आणि गोष्टी येतात; त्याच तेथील शिक्षिका होवोत. आणि त्या वर्गाच्या दारात कोणत्याही बालकास जात विचारली जाऊ नये. बोर्डीच्या अंगणाचा खरा धडा हाच आहे.

मातापित्यांनो, आज घरी गेल्यावर बाळाला ‘काय लिहिलेस?’ असे विचारू नका, ‘काय केलेस?’ असे विचारा. त्याचे मळलेले हात पाहून रागावू नका. ते हात अभ्यासच करीत होते.