जुन्या कोंबड्यांत नवी पिल्ले

(एरंडोल तालुक्यातील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी, आज कोंबड्यांविषयी बोलू.

अंजनीकाठच्या आपल्या गावांत दारापुढे पाच-दहा कोंबड्या असलेली घरे पुष्कळ आहेत. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. बहुतेक वेळा तो येण्याआधीच वाटला गेलेला असतो. अंड्यांचा पैसा थोडा असतो, पण तो आठवड्याला येतो आणि घरातल्या बाईच्या हातात येतो. मीठमिरची, पोराची वही, एस.टी.चे तिकीट त्यातून निघते. म्हणून एक तलंग मेली तरी ते नुकसान लहान नाही. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी.

कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, अंडी कमी झाली, की आपण नवी पिल्ले आणतो. कोणी बाजारातून आणतो, कोणी दारावर आलेल्या पाटीवाल्याकडून घेतो. आणली की डालग्यातून काढून सरळ जुन्या कोंबड्यांत सोडतो. संध्याकाळी पाहावे तर एकाचे डोके सोललेले, एक लाकडांमागे दडलेले, एक मरून पडलेले. मग आपण म्हणतो, नजर लागली. नजर कसली? जुन्या कोंबड्यांनी टोचून मारले.

कोंबडी दुष्ट आहे म्हणून टोचते का? तसे नाही. कोंबड्यांत मानपान असतो. दाणे टाकले की पहिल्या मानाची कोंबडी आधी खाते. दुसरीने मध्ये चोच घातली तर पहिली तिला टोचते. दुसरी तिसरीला टोचते. शेवटची सगळ्यांचे टोचे खाते. नॉर्वे नावाच्या थंड देशातल्या एका माणसाने लहानपणापासून कोंबड्यांकडे बघत बसून ही रीत ओळखली आणि १९२१ साली ती छापून काढली. त्याचे नाव वाचायला अवघड आहे, म्हणून सोडून देऊ. आपल्या आयाबायांनीही ही गोष्ट अंगणात रोज पाहिलीच असेल. त्यांनी ती लिहिली नाही, एवढेच.

मान एकदा ठरला की कळप शांत राहतो. नवा पक्षी आला की तो पुन्हा ठरवावा लागतो, आणि तो चोचीनेच ठरतो. म्हणून थोडे टोचणे होणारच. ते आपण बंद करू शकत नाही. जीव जाऊ नये एवढे मात्र करू शकतो.

बाजारातून नवा बैल आणला तर आपण काय करतो? पहिल्या दिवशी त्याला जुन्या बैलाशेजारी मोकळा सोडत नाही. लांब बांधतो. कोंबडीलाही तेच करावे.

आणलेली पिल्ले पहिले तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. त्यांचे पाणी वेगळे, दाण्याचे भांडे वेगळे. आधी जुन्यांना दाणे घाला, मग नव्यांना, आणि हात धुवा. हे का, ते नीट ऐका. विकत आणलेले पिल्लू वरून चांगले दिसते, पण आत रोग असू शकतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, असाच घरात शिरतो. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि थोड्या दिवसांत खुराडे रिकामे होते. उलटही घडते. जुन्या कोंबड्यांच्या विष्ठेत रक्ती हगवणीचे जंतू असतात. त्यांना ते पचलेले असतात, लहान पिल्लांना पचत नाहीत. मानमोडीवर लस आहे. ती कोणत्या वयाला द्यायची ते गुरांच्या दवाखान्यात विचारा. पिल्ले घेताना विकणाऱ्यालाही विचारा, लस दिली आहे का?

यात हयगय नको. २००६ सालच्या फेब्रुवारीत आपल्याच खानदेशात, नवापूरला, कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला. भारतात तो पहिल्यांदाच सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात, सावदा, मारूळ अशा गावांत निघाला. तिथे तर त्या दारच्या कोंबड्या होत्या, आपल्यासारख्यांच्या. २०२१ साली नवापूरला तो पुन्हा आला. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नका, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, उघड्या हाताने उचलू नका. दवाखान्यात कळवा. हा रोग माणसालाही होऊ शकतो.

तीन आठवडे नीट गेले, की पिल्ले जुन्यांच्या जवळ आणा. मध्ये जाळी लावा. जाळी नसली तर पऱ्हाट्यांचा कूड चालतो, फक्त आरपार दिसले पाहिजे. आठवडाभर त्यांना एकमेकांकडे बघू द्या. पहिले दोन दिवस जुन्या कोंबड्या कुडाला चोची मारतील. मग कंटाळतील. तो कंटाळा आला की समजावे, अर्धे काम झाले.

पण पिल्लू केवढे असावे? दोन-अडीच महिन्यांच्या आत सोडूच नका. अंगाने जुन्या कोंबडीच्या जवळपास आलेली तलंग टोचा सोसते, पळूही शकते. एकटी मात्र कधी सोडू नका. एकटीवर सगळ्या तुटून पडतात. तीन-चार एकदम सोडल्या तर मार वाटला जातो.

सोडायची वेळ संध्याकाळची बरी. जुन्या कोंबड्या आड्यावर बसल्या, अंधार पडला, की तलंगा हळूच शेजारी ठेवून द्या. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती भांडत नाही. खरी परीक्षा सकाळी. त्या दिवशी घरातले एक माणूस जवळ असू द्या. ज्वारीची भरड दोन-तीन ठिकाणी टाका, पाणीही दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे एकच कोंबडी सगळे अडवू शकणार नाही. कोपऱ्यात जुनी पाटी उपडी करून खाली विटा लावा. लहानीला आत घुसायला जागा होते.

रक्त दिसले की मात्र थांबू नका. कोंबडीला लाल रंग दिसला की ती तिथेच पुन्हा पुन्हा टोचते, आणि तिचे पाहून बाकीच्याही टोचतात. जखमीला लगेच बाजूला काढा आणि जखम पूर्ण सुकल्यावरच परत सोडा. एखादी जुनी कोंबडी फारच मारकी निघाली तर तिलाच दोन-तीन दिवस बाहेर ठेवा. ती परत येईपर्यंत तिचा मान थोडा उतरलेला असतो.

आता अगदी लहान, एक-दोन दिवसांच्या पिल्लांचे. ती कळपात टाकायचीच नाहीत. पण घरात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असेल तर रात्री ती पिल्ले तिच्या पंखाखाली सरकवा. बहुधा ती त्यांना आपली म्हणते, आणि मग त्यांच्यासाठी सगळ्या कळपाशी ती भांडते. सकाळी लवकर जाऊन बघा. टोचत असेल तर पिल्ले काढून घ्या आणि उबेला ठेवा.

अंड्यावरच्या कोंबड्यांना आपण शिंपल्यांचा चुरा देतो. तो दाण्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. तरण्या तलंगांना तेवढा चुना सोसत नाही. आणि चैत्र-वैशाखात हे काम काढू नका. आपल्याकडच्या उन्हात कोंबडी आधीच धापा टाकत असते. पाऊस पडून हवा थंड झाली की पिल्ले आणा.

ज्यांच्या घरी आत्ता नवी पिल्ले आहेत, त्यांनी ती केव्हा आणली ती तारीख आज पाटीवर लिहा. तीन आठवडे तिथूनच मोजू.