हॅमचा काप आणि कामगाराचे ताट



हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मिठात मुरवून टिकविलेली. कोणी ती खातो, कोणी शिवतही नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. आम्ही पडलो संघटनेची माणसे. आमचा प्रश्न एवढाच, की राबणाऱ्याच्या पोटाला यातून मिळते काय?

८ जानेवारी १९४० रोजी ब्रिटनमध्ये रेशनिंग आले. बेकन व हॅम मिळून माणशी आठवड्याला ४ औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. कारखानदार असो की हमाल, वाटा एकच. त्याच वर्षी अर्नेस्ट बेव्हिन मजूरमंत्री झाले. शाळा लहानपणीच सुटलेला, गाडी हाकून पोट भरलेला हा संघटनेचा पुढारी! त्यांच्या कारकीर्दीत २५० हून अधिक कामगारांच्या युद्धकामाच्या कारखान्यांना उपाहारगृह काढणे भाग पाडता येऊ लागले. आपल्याकडील १९४८ च्या कारखाना कायद्यातही तोच २५० चा आकडा आला.

आता हिशेब मांडू. शिजविलेल्या हॅमच्या १०० ग्रॅम कापांत प्रथिने सुमारे १८ ते २० ग्रॅम. तीही उत्तम प्रतीची. ब-१ जीवनसत्त्व भरपूर. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूस मीठ २ ते ३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगते. म्हणजे निम्मे तेथेच संपले! चोथा मुळीच नाही. शिवाय मांस नासू नये व गुलाबी दिसावे म्हणून बहुधा नायट्राइट घालतात. २०१५ साली कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने असे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारण ठरविले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. एका कापाने कोणी मरत नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे.

तेव्हा हॅम अधूनमधून, एखाद-दुसरा काप, भाजी व कडधान्याच्या जोडीने खावा. रोजच्या प्रथिनांसाठी अंडी, मासळी आहे. आणि कोरड्या हरभरा डाळीतही १०० ग्रॅमला २० ग्रॅमांच्या आसपास प्रथिने असतात, वर चोथा मिळतो.

मित्रहो, त्या १९४८ च्या कायद्याने उपाहारगृहाच्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी बसविण्याची वाट करून दिली. तेथे आम्ही वर्षानुवर्षे दरावर भांडलो. पण थाळी स्वस्त झाली आणि आत मीठच वाढले, तर त्यात जीत कसली? ताटात काय पडते, हीदेखील मजुरीचीच बाब आहे. ती मागून घेतली पाहिजे.