खिडकीतला कप
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संविधानाच्या कलम १७ने अस्पृश्यता नष्ट केली, हे उत्तर आपण सगळ्यांनी नागरिकशास्त्राच्या पेपरात लिहिलं होतं. मला पूर्ण गुण मिळाले होते. आज त्या गुणांबद्दलच बोलायचंय.

मागच्या वर्षी माझ्या लेकीने कामाच्या मावशींना आमच्या कपात चहा दिला. त्यांचा कप खिडकीत वेगळा असायचा. मला एकदम कसंतरीच झालं.

"अगं, त्यांचा कप आहे ना!"

"वेगळा कशाला?"

"स्वच्छता म्हणून."

"आई, आपले सगळे कप मावशीच घासतात."

"त्यांनाच संकोच वाटेल."

"विचारलंस कधी?"

तिसरं कारण माझ्याकडे नव्हतं. कसंतरी वाटणं मात्र तसंच होतं.

जोनाथन हाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००१ साली मांडलं, की बरं-वाईट आपल्याला बहुतेक वेळा आधी जाणवतं आणि कारणं आपण मागाहून शोधतो. बुद्धी न्यायाधीशासारखी कमी आणि वकिलासारखी जास्त वागते. माझा वकील दोन कारणांतच गारद झाला.

पण ते वाटणं आलं कुठून? आपल्या वर्गातली एक मैत्रीण माझ्याकडे अभ्यासाला यायची. आजी तिला ओसरीवरच बसवायची, पाणी वरून ओतायची. आजी दुष्ट नव्हती. दारी आलेल्याला तिने कधी उपाशी पाठवलं नाही. तिला ते योग्यच वाटायचं. मला कुणी काही शिकवलं नाही, मी नुसती शेजारी बसून बघत होते. पुढे ती मैत्रीण यायची थांबली. का, ते मी विचारलंही नाही.

आमच्या कामात जुना कोड असतो. कुणी लिहिला, कशासाठी, कुणाला ठाऊक नसतं. चालतोय म्हणून कुणी हात लावत नाही. आपण ज्याला आतला आवाज म्हणतो, त्यातही असा जुना कोड असतो. सगळाच टाकाऊ नसतो. लेकीचा प्रश्नही आतूनच आला होता, आणि आपल्याला एका बाकावर बसवणाऱ्या या शाळेचाही माझ्यावर संस्कार आहेच. पण कुठला आवाज कुणाचा, हे अधूनमधून तपासावं लागतं.

खिडकीतला कप मी काढला. पहिले काही दिवस मावशीही अवघडल्या; सवय दोन्हीकडे मुरलेली असते.

आणि मैत्रिणी, तू आज इथे असशील, तर त्या पाण्याबद्दल आणि मी न विचारलेल्या प्रश्नाबद्दल मला माफ कर.